मागे बघायचं नाही

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता
ट्रोम्सोतल्या एका शाळेची व्यायामशाळा.
ओल्या लोकरीचा वास, रबरी फरशी,
आणि माझ्या उजव्या खिशात काळीज.
बैलाचं. भट्टीत वाळवून बारीक केलेलं.
सिस्सेल म्हणते, एका वेळी नखाएवढंच द्यायचं,
तेही तीन सेकंदांच्या आत.
सगळं काळीज देऊन टाकणाऱ्याचं
कुत्रं ऐकत नाही.

पिल्लाचं नाव मोल्ते,
दलदलीत पिकणाऱ्या पिवळ्या फळावरून ठेवलेलं.
गुनव्होर असती तर म्हणाली असती,
हे काय नाव, मुरंब्याच्या बरणीवरचं.

"बस" एकदाच म्हणायचं असतं.
मी दोनदा म्हणतो.
पहिलं मोल्तेला.
दुसरं पुटपुटत, स्वतःशीच:
बस, पुरे झालं आता, घरी जाऊ.
मोल्ते दुसरं ऐकते आणि दाराकडे निघते.
शेजारचा राइदार हसतो. त्याची कुत्री
पोस्टाच्या पेटीसारखी बसून असते.

खरं तर हात माझाच चांगला असायला हवा.
एकतीस वर्षं फेरीबोटीवर गाड्या चढवल्या मी.
तळवा वर केला की थांब,
बोटं वळवली की ये, अजून ये, अजून थोडी,
मग मूठ.
मासळीचे ट्रक, लग्नाच्या गाड्या, एकदा एक शववाहिका,
सगळ्या या तळव्यापुढे नाक आणून उभ्या राहिल्या.
कुणाला वाईट वाटलं का, मी कधी विचारलं नाही.
गाडीला कान नसतात,
एक उभा, एक पडलेला.

"हात बरोबर आहे, ओदवार," सिस्सेल म्हणते,
"पण तुमचे डोळे आधीच माफ करून मोकळे होतात."

शुक्रवारी धक्क्यावर पट्टा निसटला.
कुरव पक्षी दिसला की तिला जग उरत नाही.
ती रॅम्पकडे धावली, आणि बोटीतून
एक पांढरी व्हॅन उतरत होती.
ओरडायला आवाजच नव्हता माझ्याकडे.
हात वर गेला, आपला आपण, जुन्या सवयीनं.
व्हॅन थांबली.
मोल्तेही थांबली.
कुणासाठी गेला होता तो हात,
अजून कळलेलं नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं.
एरवी प्रत्येक हुकुमाला डोकं तिरकं करून
"का रे?" असं विचारायची ना,
ते त्या बघण्यात नव्हतं.
नुसती थांबली होती.
मी बर्फात गुडघे टेकले
आणि खिसा उलटा केला,
सगळं काळीज, एका वेळी,
मिनिटभर उशिरा.
व्हॅनवाला काच खाली करून काहीतरी बोलला.
बरोबरच बोलला असेल.

त्या रात्री ती गुनव्होरच्या उशीवर झोपली.
तक्त्यावरचा चौथा नियम. मी काही बोललो नाही.
सकाळी मात्र दारात पुन्हा "थांब" घेतलं, बारा वेळा,
आणि बाराव्यांदा ती उंबऱ्याशी थबकली
तेव्हा मला आनंद झाला,
आणि कॉफी गाळताना
त्या आनंदाची लाज वाटली.

आज थांबून राहायचा धडा.
पिल्लाला बसवायचं, पाठ करायची,
तीस पावलं चालायचं, मागे बघायचं नाही.
मागे बघितलं की त्यांना वाटतं
तुमचीच खात्री नाही.
नाहीच आहे.
मी चालतोय. अकरा. बारा.
समोरची खिडकी नोव्हेंबरच्या अंधारानं
काळीभोर, आरशासारखी.
त्यात एक म्हातारा, हात कुठे ठेवावेत न कळणारा,
आणि त्याच्या पाठीमागे, लांब,
एक पिवळट ठिपका, ताठ बसलेला,
शेपूट तेवढी फरशी झाडतेय.

खिडकीत बघणं म्हणजे मागे बघणं नव्हे,
असं मी ठरवलंय.
सतरा. अठरा.