पाठ

सातपूरला, त्र्यंबक रोडच्या आतल्या गल्लीत
एक पत्र्याची शेड. जागा वडनेऱ्यांची,
लेथ मी भंगारातून आणलेलं,
आणि संध्याकाळी सहानंतर तीन पोरं.

निवृत्तीला कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं.
आठ महिने मी त्याच्यासमोर बसलो.
ते बरोबर चालायचं,
एवढंच त्याचं म्हणणं.

मग शेजारच्या अत्तरदे बाई म्हणाल्या,
भाचा आयटीआयला आहे,
कानस धरता येत नाही त्याला, बघता का जरा?
बघितलं. कानस कसली,
कालवणातला डाव धरला होता त्यानं.

म्हटलं, पुढं जाताना वजन दे,
मागं येताना नुसता हात.
आयुष्याचंही तसंच, असं काहीतरी म्हणणार होतो.
नाही म्हटलं.
तो घामानं भिजला होता आणि भुकेलाही होता.

हे अजून घरीसुद्धा बोललो नाही.
चौतीस वर्षं मी लेथला चिकटून उभा राहायचो,
टूल लावताना खांदे रुंद करायचो,
मागच्या हेल्परला दिसू नये म्हणून.
दिसलं तर शिकेल. शिकला तर
माझ्या जागी तो.
सगळेच तसे उभे राहायचे.
अख्ख्या शॉपमध्ये नुसत्या पाठी.
आमचे खैरनार वस्ताद गेले,
त्यांच्यासोबत पितळेत बारीक आटे पाडायची
एक युक्ती अमरधामात जळाली.
मी ती अजून शोधतो आहे.
मधूनच वाटतं सापडली. नसते.

यमुना भोये पेठकडची. हॉस्टेलचं गेट आठला बंद,
म्हणून घाई तिच्या अंगातच.
आधीच्या वर्कशॉपात तिच्या हातात झाडू दिला होता.
मी मायक्रोमीटर दिला.
मी "अर्धं सूत घे" म्हटलं की हसते,
विचारते, जुळतं ते सूत हेच का?

परवा मी जॉब मोजला, आकडा सांगितला.
तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला,
जबडे मिटवले, दिव्याखाली धरला.
"काका, जॉब बरोबर आहे.
तुमचं शून्यच सरकलंय."

चष्मा पुसून पाहिलं. सरकलं होतं.
किती दिवसांपासून, देव जाणे.
पोरं गप्प. वाटलं असेल त्यांना, म्हातारा चिडणार.
मी रोशनला पैसे दिले, कोंडाजी चिवडा आणायला पिटाळलं
आणि तिला म्हटलं, आता तूच मिळव शून्य.

हल्ली टूल लावताना मी बाजूला सरून उभा राहतो,
चकवर उजेड पडावा म्हणून.
पण तिघंही इतकी पुढं वाकतात
की तीन डोकी बल्बच्या आड येतात,
आणि मला काही दिसत नाही.

असू दे.
हाताला माहीत आहे.