क्षय-वजावट

मार्चचा तिसरा आठवडा, ओक्लाहोमात धुळीचा वारा.
कपडे धुण्याच्या दुकानाला लागून माझं ऑफिस:
एक टेबल, दोन खुर्च्या, आणि एक हीटर,
जो फक्त डावा गुडघा शेकतो.
वेल्डा स्टिडम आली ती बुटांचं खोकं छातीशी धरून.
वर औषधांची बिलं, तळाशी
तेलकंपनीच्या बारा पावत्या.
कधी एकेचाळीस डॉलर, कधी अडतीस.
वर्षाचे चारशे चौऱ्याहत्तर.

यातले पंधरा टक्के वजा होतात, मी म्हटलं.
"ते का?"
तुमच्या जमिनीखालचं तेल संपत चाललंय म्हणून.
यंत्र झिजलं की घसारा. विहीर आटली की हे.
कायदा याला क्षय म्हणतो.

"कुणी खाली उतरून बघतं का, किती उरलंय?"
नाही. नुसते टक्के धरतात.

मग जे सांगायची गरज नव्हती तेही मी सांगितलं.
कंपनीलाही हाच नियम.
विहिरीत घातलेला सगळा पैसा
त्यांनी सहा वर्षांपूर्वीच वजा करून संपवला.
वजावट चालूच आहे, थेंब येतोय तोवर.
कागदावर ती विहीर
होती त्याहून जास्त रिकामी झालीय.

वेल्डा हसली. इतकी, की चश्मा काढून पुसावा लागला.
"माझी सासू अशीच.
दर नाताळात म्हणायची, माझा हा शेवटचा.
एकोणीस नाताळ जेवून गेली."

मग तिने बिलं पुढे सरकवली.
हॉबर्टची कानातली यंत्रं, दोन.
एकतीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभा होता तो;
आता फोन वाजला की
कुत्र्याकडे बघतो, ते उठलं का म्हणून.
मी बेरीज केली. पुन्हा केली.
आजारपणाचा खर्च एका मर्यादेच्या वर गेला तरच धरतात.
एकशे बारा डॉलर कमी पडत होते.

"म्हणजे अजून थोडा बहिरा हवा होता."
ती हे रागाने म्हणाली नाही.
दुकानात सुटे नसल्यावर म्हणतात, तसं म्हणाली.

कानांना टक्के का नाहीत, हे तिने विचारलं नाही.
मीही नाही.
माझ्याकडे त्याचा रकाना नव्हता,
आणि ज्याला रकाना नाही त्याबद्दल
मी चार वाजल्यानंतर, घरी, विचार करते.

एकाहत्तर डॉलर दहा सेंटची वजावट.
वाचलेला कर: साडेआठ डॉलर.
"चला, दोन पिळे कपडे निघतील," वेल्डा म्हणाली
आणि शेजारच्या दुकानात नाणी मोडायला गेली.
खोकं माझ्याकडेच राहिलं.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडे मशीन पिळायला लागलं.
माझं टेबल थरथरलं,
पेन्सिल हलली, सातचा एक झाला.
खोडून पुन्हा सात काढला.