दांडी किती उंच

न्हाणीत दांडी बसवायची ठरली
तेव्हा भिला मिस्तरीनं साधंच विचारलं,
"माय, कितला उंच लाऊ?"

हे पुढे झाले. चौतीस वर्षं मोजणी खात्यात,
निम्म्या तालुक्याचे बांध यांच्या साखळीखालून गेलेले.
टेप ओढला, पेन्सिल जिभेवर ओली केली
आणि ताठ उभं राहून
भिंतीवर खूण केली.

मिस्तरी हसला.
"आबा, आजना हातले इचारू नका.
धा वरीस नंतरना हातले इचारा."

तो हात अजून घरी आलेला नाही.
कसा असेल, थरथरेल का,
सुरतेहून लेकानं पाठवलेल्या मशीनवर
बोट टोचून टोचून जाड झालेला असेल,
काय माहीत.

मग आम्ही पडून बघितलं.
कोरड्या न्हाणीत, चैत्राच्या भर दुपारी,
मिरची मार्केटकडच्या वाऱ्यानं शिंकत.
आधी हे. उपड्या बादलीवर बसले,
उठताना तोल गेल्यासारखं केलं,
हात गेला नळाकडे.
"नळ उपटी जाई," मिस्तरी म्हणाला.
आम्ही तिघं हसलो. दोंडाईचात
इतक्या वर्षांत कुणी ठरवून पडलं नसेल.

मग मी.
माझ्या डाव्या गुडघ्याला नाटक येत नाही.
तो खरंच अर्ध्यात अडकला
आणि माझा हात गेला
यांच्या खांद्याकडे.

तिथं भिंत नव्हती.

मिस्तरी काही बोलला नाही.
पेन्सिल कानावर ठेवून
बिडी शोधायला अंगणात गेला.

दांड्या दोन लागल्या. एक आडवी, एक तिरपी.
उंबऱ्याची पायरी फोडून उतार केला,
रात्रीचा दिवा पलंगाजवळ आणला.
फाइल निघाली : पासबुकं, विम्याचा कागद,
रक्तगट, डॉक्टरचा नंबर मोठ्या अक्षरात.
बँकेत माझं नाव कोकिळाचं कोकीला झालंय
हे तेव्हा कळलं. तीन हेलपाटे त्यात गेले.
कुणाच्या नावापुढे कोण, हे लिहिताना
यांचं सुंदर मोजणीदारी अक्षर
जरा खाली उतरलं.

आता पहाटे पाचला, ऊन उठायच्या आत,
अमरावतीच्या पुलापर्यंत जाऊन येतो.
नदी कोरडी, पण पुलाला त्याचं काही नाही.
हे दोन पावलं पुढे, मग थांबून
बुटाची नाडी बांधल्यासारखं करतात.
चपलेला नाडी नसते, मी बोलत नाही.
परतताना हे मला मशीनमधून पैसे काढायला शिकवतात.
चार आकडे मी लुगड्याच्या नाही,
डोक्याच्या गाठीत बांधलेत.
आणि मी यांना खिचडी शिकवतेय.
कळण्याची भाकरी शिकवून झाली,
तिच्यावर तालुक्याचा नकाशा उमटला होता, हद्दीसकट.

आज अंघोळीला गेले.
गरज नव्हती, तरी दांडी धरली.
गार लागली. तिलाही अजून
आमची सवय नाही.

तेवढ्यात ओट्यापासून हाक आली,
"खिचडीत मीठ किती?"
"चिमूटभर. डॉक्टरनं काय सांगितलंय?"
थोडा वेळ नुसती कुकरची शिट्टी.
मग दाराजवळ येऊन, हळूच,
"चिमूट कुणाची धरू?
तुझी, का माझी?"