दुसरी रेघ

नमुना आला तो जॅमच्या बरणीत.
झाकणावर ल्येरकाचं अक्षर: आलुबुखार, सप्टेंबर.
तळाशी चमचाभर पाणी, नितळ,
तिच्या नवऱ्याच्या नाकातलं.

व्येकोस्लाव छपरं शाकारतो.
तीन आठवड्यांपूर्वी मक्याच्या कोठारावरून घसरला,
उठला, कपडे झटकले,
संध्याकाळी पत्तेही खेळला.
तेव्हापासून वाकला की नाक गळतं.
सर्दी, तो म्हणतो. ओसियेकमध्ये,
द्रावाच्या काठी, नोव्हेंबरात कोणाला नसते?

बरणी दोनदा उकळलीय, ल्येरका फोनवर सांगते,
तरी साखर राहिली असेल तर?
राहू दे, मी म्हणते.
ती नुसती चिकटलेली.
मी शोधतेय ती जडलेली.

रक्तात एक हमाल असतो, लोखंड वाहतो.
त्याच्या अंगावर साखरेच्या फांद्या,
फांद्यांच्या टोकांना आंबट कण.
आसवांत तोच, शेंबडात तोच.
मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र
त्याचे काही भाऊबंद बोडक्या फांद्यांनी फिरतात.
का, ते मला विचारू नका.
पंचवीस वर्षं जेल ओततेय, एवढंच कळलं:
टोकं नसलेला मागे रेंगाळतो.

एक रेघ: सर्दी. घरी जा, सूप प्या.
दोन: कवटीला कुठेतरी चीर.

पण थांबा.
वर्षानुवर्षं राकिया ढोसली
की रक्तातल्या फांद्याही बोडक्या होतात.
म्हणून विचारलं, किती पितो?
ल्येरका गप्प. मग म्हणाली,
"सगळे पितात तेवढी."
हे माप अर्जात कुठल्या चौकटीत लिहू?
त्याचं रक्त मागवलं,
दोन्ही शेजारी शेजारी धावायला लावली.

रात्रीचे अडीच. शेवटची ट्राम कधीच गेली.
रंग चढतोय.
रक्ताच्या वाटेत एकच रेघ
(बिचारा, उगाच संशय घेतला)
नाकाच्या वाटेत एक,
आणि तिच्या मागे, पुसट,
पंगत उठल्यावर आलेल्या माणसासारखी
अवघडून उभी
दुसरी.

सर्जनला उठवलं. मग ल्येरकाला.
शिंकरू देऊ नकोस त्याला, म्हटलं,
वाकू देऊ नकोस, बुटांच्या नाड्या तूच बांध.
तिनं विचारलं, म्हणजे ते पाणी…
हो, म्हटलं.
रुमालानं पुसत होतो आम्ही, ती म्हणाली.
तीन आठवडे. रुमालानं.

नियमानं बरणी पिवळ्या पिशवीत टाकायची असते.
टाकली.
झाकण धुऊन खिडकीत ठेवलंय.
अक्षर गेलं नाही.