तिवराचं पान

तिचा व्हिसा तीस दिवसांचा, आजचा एकविसावा.
मॉल झाले, कारंजं झालं,
उंच इमारतीचं तिकीट
तिने किंमत ऐकूनच नको म्हटलं.

म्हणून अजमानची खाडी, सकाळी सातला,
लाकडी फळ्यांच्या वाटेवर आम्ही दोघंच.
रखवालदाराने ओठांवर बोट ठेवून
पलीकडे दाखवलं:
रोहित. शंभरेक असतील.
चोची उलट्या घालून चिखल गाळत होते,
एकानेही मान वर केली नाही.

मी मोबाइल काढला.
ती मात्र वाकली, कठड्यातून आत आलेलं एक पान
न तोडता वळवलं, आणि जीभ लावली.
"ह्यां आपलां तिवार. चाकून बघा."

पानावर मिठाचे कण.
खाडी पिऊन, नको तेवढं
बाहेर टाकलेलं.
"ह्या झाडाक घाम येता," ती म्हणाली.

अकरा वर्षं मी इथे एसीचे डक्ट बसवतोय,
गार हवा ज्यांतून जाणार आहे
ते, हवा यायच्या आधी.
जूनमध्ये गणवेश वाळला की पाठीवर
पांढरा नकाशा उठतो.
फोनवर कधी बोललो नाही.
पण परवा माझे शर्ट
तिनेच धुतले.

भरती चढत होती.
मुळांची नाकं एकेक करून
पाण्याखाली गेली.

"हंय कालवां गावतत काय हो?"
"काढायला मनाई आहे."
"मी खंय काढतंय," ती म्हणाली,
आणि चिखलाकडे बघतच राहिली.