सफरचंदावरचं

चाळीस वर्षं मी जानेवारीत शिडी लावली.
पानं झडली की ते उघडं पडतं:
काळ्या फांद्यांत हिरवा गोळा,
दुसऱ्याच्या जिवावर जगतोय याची लाज नसलेला.
बांडगूळ. माझे वडील हा शब्द
धाकट्या काकालाही लावायचे.

आणि आता ते आमच्या फ्रिजमध्ये आहे,
लोण्याशेजारी, सात काचेच्या कुप्या,
वर मुंगीएवढ्या अक्षरांत: सफरचंदावरचं.
ओकवरचं मिळतं, पाइनवरचंही मिळतं.
डॉक्टरीणबाईंनी हे निवडलं.
माझ्या बागेबद्दल मी त्यांना काही बोललो नव्हतो.

"फसवणार नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या,
चष्मा काढून पुसत, पुन्हा न घालता.
"गाठीचं काम सलाइनमधलं औषध करील, जेवढं करील तेवढं.
हे त्याच्या जागी नाही. सोबतीला.
झोप लागेल कदाचित. तोंडाला चव येईल.
पुरावा थोडा आहे, वाद जास्त."
रोसविता म्हणाली, "चव आली तर बटाट्याचं सॅलड करीन."
मी गप्प. माझ्या डोक्यात एवढंच:
कुणाच्या झाडावरून काढलं असेल?

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
पोटाची चिमूट धरायची, सुई तिरकी.
माझे हात करवतीचे. पहिल्या दिवशी
मीच घामाघूम, तीच म्हणाली, "टोच रे, फांदी नाहीये मी."
दुसऱ्या दिवशी दोन युरोच्या नाण्याएवढा लाल डाग.
तो यायलाच हवा म्हणे.
ती त्याच्याभोवती पेनाने रेघ ओढते, तारीख घालते,
मी कलमांना पाट्या लावतो तशी.

मंगळवारी ट्युबिंगनला, खिडकीजवळची खुर्ची.
तिकडे ठिबकतं, इकडे केटर्ले सिस्टर
सहस्रपर्णीच्या काढ्यात भिजवलेलं फडकं पिळून
तिच्या उजव्या कुशीवर ठेवते, वर गरम पाण्याची पिशवी.
त्याने काय होतं?
ऊब लागते.
एवढंच?
"एवढंच," सिस्टर म्हणते. "तुम्हाला पण हवीय का?"

फ्लायडररने कुंपणावरून बरणी दिली, जर्दाळूच्या बिया,
रोज वीस, कुणाला सांगू नका.
डॉक्टरीणबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला: त्यात सायनाइड असतं.
मी बिया खतात पुरल्या, बरणी धुऊन परत केली.
त्याने विचारलं, "गुण आला?"
म्हटलं, "हो, थोडा."
शेजार आहे. उद्या ट्रॅक्टर लागतो.

गेरलिंडेचं मात्र आम्ही बोलत नाही.
रोसविताची बहीण. सलाइन नको म्हणाली, विष नको शरीरात,
गाजर, बीट, पहाटे पाचला यंत्राची घरघर.
तिच्या वेळी तर बरं व्हायची बरीच आशा होती.
गाल तुकतुकीत दिसायचे. आम्हीच म्हणायचो, किती छान दिसतेस.
मे महिन्यात तिचं घर आवरलं
तेव्हा त्या यंत्राला कुणी हात लावेना.
आमच्या तळघरात आहे ते.
चांगलं चालतं.

झोप? आली थोडी.
कुपीने आली, की फडक्याने,
की नोव्हेंबरपासून आम्ही रोज नेकारच्या काठाने चालतो त्याने,
मला नाही सांगता येत.
बटाट्याचं सॅलड एकदा झालं. मीठ जास्त होतं.
मी दोनदा वाढून घेतलं.

परवा शिडी काढली.
सगळ्यात जुन्या झाडावर, शेंड्याला, केवढा तरी गोळा,
मोत्यांसारखी पांढरी फळं.
खाली उभा राहिलो, करवत हातात, आणि हात उचलेना.
ती मागून आली, लोकरीची टोपी कानांवर ओढत.
"राहू दे का हा एक?" मी विचारलं.
"वेडा आहेस का," ती म्हणाली,
"कुपीतलं माझं. हे झाड खातंय. काप."

मी चढलो. तिने खाली शिडी धरली.
सहाव्या पायरीवर होतो तेव्हा म्हणाली, अगदी सहज,
औषधाने बधिरलेली तिची बोटं बघत:
"युगेन, मी धरलीय की नुसता हात ठेवलाय
ते मला कळत नाहीये.
तूच बघ जरा."

मी वाकून बघितलं.