धुराचा रंग

शूटिंगवाल्यांनी आमचं गाव पुन्हा जाळायचं ठरवलं
तेव्हा प्लायवूडची बावीस घरं उभी राहिली
नदीच्या अलीकडे, कारण पलीकडे ऊन नीट पडत नव्हतं.
एपिरसच्या डोंगरात हिवाळ्याआधी काम कुठलं?
मला धुराच्या यंत्रावर ठेवलं. रोजचे चाळीस युरो, जेवण वेगळं.

एव्हान्थिया आजीला खुर्ची दिली होती, छत्रीसकट.
त्रेचाळीस साली ती नऊ वर्षांची होती
आणि ओढ्यात, बकरीचं तोंड दाबून बसली होती.
म्हणाली, "धूर काळा नव्हता रे.
रात्री पाऊस झालेला, गवत ओलं. पांढरा होता,
दुधासारखा. आधी वाटलं, धुकंच उतरतंय."
दिग्दर्शकाने मान डोलावली, अगदी मनापासून.
मग मला म्हणाला, काळा सोड.
आभाळ पांढरं आहे, दिसायचं नाही.

मी काळा सोडला.

जानेवारीत मालिका लागली. कॉफीच्या दुकानात
सगळं गाव टीव्हीखाली. जर्मन झालेला सुतार लाम्ब्रोस
स्वतःला बघून लाजला. कुणीतरी हसलं,
मग कुणीच हसलं नाही.

आता शाळेतली पोरं वह्या घेऊन आजीकडे येतात.
परवा मी दारातच उभा होतो.
"काळाकुट्ट धूर," ती सांगत होती,
"डोंगराएवढा." आणि डोळे पुसत होती, खरेखुरे.

पोरं गेल्यावर विचारलं,
आणि बकरी?

"कुठली बकरी?" म्हणाली,
अंगठ्यावरचा दातांचा वण चोळत.